जाऊबाईंच्या गोळ्या
व्हिनेगरची बाटली उघडली की मला कोल्हापुरातली ती एक्स-रेची खोली आठवते. फिल्म धुवायच्या औषधाला तसाच आंबूस वास होता. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. थोरल्या जाऊबाईंची आई स्तनाच्या कॅन्सरनं गेलेली, म्हणून सासूबाईंनी आणि मी त्यांना तपासायला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ओली फिल्म उजेडासमोर धरली. "सगळं पांढरं दिसतंय. यात गाठ असली तरी कळायची नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी असं होतं. तशा गोळ्या चालू आहेत का?" "न्हाय की," जाऊबाई म्हणाल्या. पाळी गेल्यावर अंगाची आग होते म्हणून वर्षभर त्या गोळ्या घेत होत्या, आणि सासूबाईंच्या नकळत मीच त्या दुकानातून आणून देत होते. जाऊबाईंनी टेबलाखाली माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली. "हाईत चालू," मी म्हणाले. सासूबाई वळून माझ्याकडं बघत राहिल्या. गोळ्या थांबवून दोन महिन्यांनी पुन्हा फिल्म काढली, तेव्हा हरभऱ्याएवढी गाठ दिसली आणि वेळेत निघाली. जाऊबाई पुढं वीस वर्षं जगल्या. त्यातली पहिली दोन माझ्याशी बोलल्या नाहीत. आता सुनेला दवाखान्यात नेलं की डॉक्टर बोलावतात, तरी मी आत जात नाही. तिला काय सांगायचं ते सांगू दे, मी बाहेर बाकावर बसते.