परातीतली तराजूवाली

लखनौत निशातगंजच्या मंडईत भेंडी निवडत होते. ओळखीचा भाजीवाला हळूच म्हणाला, "भाभीजी, आपकी मास्टरनी दीदी नहीं रहीं... कल शाम." आमचा फोन आठवडाभर बंद होता. तरीही मालतीताई गेल्याचं मला भाजीच्या टोपलीपाशी उभं राहून कळावं, याचा राग अजून गेलेला नाही.

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आम्ही शेजारी. त्यांचे यजमान रेल्वेत इंजिनियर, ताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. मूळच्या सांगलीच्या, बोलणं रोखठोक. "अगं, नको म्हणायलासुद्धा या लोकांना अर्धा तास लागतो," असं लखनौबद्दल हसून म्हणायच्या. एका विद्यार्थिनीच्या ओळखीनं त्या मला घेऊन एका जुन्या हवेलीवजा कोठीत गेल्या. दिवाणखान्याच्या छतावर चार बायका रंगवलेल्या होत्या: समृद्धी, दया, धीर आणि हातात तराजू घेतलेली न्यायदेवता. पण मान वर करून छत न्याहाळणं त्या घराच्या अदबीत बसत नसे. जमिनीवर तांब्याची मोठी परात पाण्यानं भरून ठेवलेली असे, पाहुण्यांनी खाली वाकून तिच्यात छत बघायचं. कोठीच्या मालकीण बेगमसाहिबांनीही लहानपणापासून ते असंच पाहिलेलं. ताईंनी दुपारभर परातीवर वाकून चौघींची चित्रं काढली.

पुढच्या पावसाळ्यात छत गळलं आणि तराजूवाली गिलाव्यासकट खाली आली. बेगमसाहिबांनी ताईंना बोलावून घेतलं. "बचपन से इन्हीं से बातें की हैं हमने," एवढंच म्हणाल्या. त्या तराजूवालीचं रूप आता फक्त ताईंच्या कागदावर उरलं होतं. थंडीभर ताई बांबूच्या पहाडावर चढून, मान मोडेपर्यंत रंगवत राहिल्या. पहाड उतरवला त्या दिवशी मीही सोबत होते; परात भरली. बेगमसाहिबा वाकल्या... आणि लगेच सरळ झाल्या. तराजू दुसऱ्याच हातात होता. खिडकीकडे बघणारी ती आता दाराकडे बघत होती. पाण्यात उजव्याचं डावं होतं, आणि ताईंनी पाण्यात दिसलेलं चित्र जसंच्या तसं छतावर चढवलं होतं. मुलांना आरशातलं चित्र शिकवणाऱ्या बाईंच्या हातून हे व्हावं... ताईंचा चेहरा पार उतरला. "मैं फिर से बना दूँगी," त्या म्हणाल्या. "आप थक गई होंगी," म्हणून बेगमसाहिबांनी चहा मागवला.

विषय तिथंच संपला. नंतर दर उन्हाळ्यात कोठीतून दसेरी आंब्यांची टोपली येई. "तोंडदेखलं आहे गं. माफ केलं असतं तर बोलल्या असत्या," ताई म्हणायच्या. मी दहादा सांगितलं, एकदा जाऊन या. पण त्यांचा पाय त्या दारात पुन्हा पडला नाही. निवृत्तीनंतर विकास नगरला राहायला गेल्या, कोठीचा माणूस टोपली माझ्याकडे देई, ती मी पोचवली की तिथंही मला विचारायच्या, "त्या काही म्हणाल्या का गं?"

तेरावा झाल्यावर बातमी सांगायला मीच कोठीवर गेले. ऐकून बेगमसाहिबा उठल्या. मग मला दिवाणखान्यात घेऊन गेल्या. परात भिंतीला टेकवून ठेवलेली, कोरडी ठणठणीत.

"उस दिन परात में वो पराई लगीं," त्या म्हणाल्या. "आप लोगों के जाने के बाद हमने पहली बार सर उठाया. ऊपर वही थीं, जो बचपन में परात में देखी थीं. तब से पानी नहीं भरवाया."

"मग त्यांना बोलावलं का नाहीत?" ताईंसारखं फटकन माझ्या तोंडून मराठीतच गेलं. मग हिंदीत विचारलं, "बुलवाया क्यों नहीं?"

"उस्ताद को दोबारा बुलवाते, तो समझतीं काम में कसर रह गई." त्या म्हणाल्या. "आम तो हर साल भेजे... सोचा, किसी दिन ख़ुद ही आएँगी."

मला रडू आवरेना. बेगमसाहिबांनी दुपट्टा डोक्यावर सारखा केला आणि मान वर केली. मीही केली. तराजूवाली दाराकडे बघत होती.