हरणीचं पोट फुगलं तेव्हा

भरे गावात कुणाचंही मेंढरू फुगलं की गेणबाला बोलावणं येतं. गोडेतेलाची बाटली आणि बांबूचं नळकांडं घेऊन तो निघतो. तेल पाजायचं, चार फेऱ्या पळवायचं. अर्ध्या तासात मेंढरू चरायला मोकळं आणि गेणबा चहाला. चाळीस वर्षांत आपला हात चुकला नाही, हे तो स्वतःच सांगतो, तेही न विचारता.

त्यामुळे त्याची कारवानी जातीची शिकारी कुत्री हरणी त्या दुपारी फुगली, तेव्हा तो घाबरला नाही. शेजारच्या जावळाच्या जेवणातली मटण-भाकरी हादडून ती लगेच सशामागं माळभर धावली होती. आता ओकायला बघत होती, पण तोंडातून नुसती लाळ. एरवी बरगड्या मोजाव्यात अशी ही सडपातळ जात. ते पोट तिला दुसऱ्या कुणाचं लावल्यासारखं दिसत होतं.

गेणबानं नळकांडं काढलं.

"अवो, मेंढरू हाय का त्ये?" त्याची बायको आक्काबाई ओरडली.

"पोट म्हंजी पोट. तू गप."

तेवढ्यात हरणीनं मान टाकली. मागं लांडगा कळपात शिरला, तेव्हा हीच त्याला आडवी गेली होती. गेणबानं बाटली खिशात कोंबली. त्यानं हरणीला घोंगड्यात उचललं आणि पुतण्या प्रदीपच्या टेंपोत चढला. आक्काबाई मागोमाग.

"हळू चालीव, गचकं बसत्यात," गेणबा प्रदीपला म्हणाला, आणि लगेच, "आरं पळीव की!"

पिरंगुटच्या जनावरांच्या डॉक्टर नम्रताताईंनी पोटाचा एक्स-रे फोटो काढायला घेतला. "शिकारी कुत्र्यांची छाती खोल असते, बाबा. भरपूर खाऊन पळाली की पोटाला पीळ बसतो. तसं असेल तर कापावं लागेल. अंगावर चरबी नाही, भूलही जपून द्यावी लागेल."

गेणबानं हरणीच्या पायांवर घोंगडं ओढलं.

फोटो आला. ताई हसल्या. "पीळ नाही. नुसता वारा."

तोंडातून नळी पोटात गेली, आणि असा वास सुटला की प्रदीप रस्त्यावर पळाला. हरणीनं शेपूट हलवली.

"तेल पाजून पळवलं नाहीत, हे बरं केलंत," ताई गेणबाला म्हणाल्या.

"छ्या! आमी कशाला पाजतुया?"

गेणबाच्या खिशातून बाटलीचं बूच डोकावत होतं. आक्काबाईनं छताकडं बघितलं.

आता हरणीला थोडंथोडं तीनदा खायला मिळतं. खाल्ल्यावर ती दीड तास बांधलेली, आणि गेणबा शेजारी राखणीला.

"मला न्हाई कदी म्हनला, जेवल्यावर घडीभर टेक," आक्काबाई भांडी गोळा करत म्हणाली.

"तुजं पोट फुगलंय व्हय?" म्हणत गेणबानं अर्धं घोंगडं तिच्यासाठी मोकळं केलं.