खुरप्याचा हात

पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. इंजिनिअर रेजिमेंट, ठिकाण काश्मीरमधली एलओसी, ट्रेड ड्रायव्हर, रँक हवालदार. रंगरुटीत जमिनीतले सुरुंग शोधायला शिकलो होतो, पण ते परीक्षेपुरतं. पुढची सगळी नोकरी स्टिअरिंगवर गेली. तीनटनी गाडी डोंगराच्या कडेनं डोळे मिटून उलटी घेईन, असं मी बिनदिक्कत सांगत असे आणि ते फारसं खोटं नव्हतं. पोचल्यावर सुभेदार साहेबांनी फर्मावलं, सगळ्या ड्रायव्हरांनी सुरुंग शोधण्याचा कॅडर करायचा. कॅडर म्हणजे पलटणीतला छोटा अभ्यासक्रम. माझं डोकंच फिरलं. पिकल्या मिशीला आता शाळेत घालता का, असं ओठावर आलं होतं. पण सुभेदार साहेबांपुढं ओठावरचं ओठावरच राहतं.

अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना लोक हटकून विचारतात, "फौजेत भ्या न्हाई वाटलं का?" मी सांगतो, वाटलं. लई वाटलं. ऐकणाऱ्याचं तोंड उतरतं. त्याला दुसरंच काहीतरी ऐकायचं असतं. पण माझ्याकडं दुसरं नाही. जे आहे ते भीतीचंच आहे आणि शिकण्याचं आहे.

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, मग तो वयानं आणि रँकनं कितीही लहान असो. आमचा उस्ताद होता नाईक जब्बार. देवणी तालुक्यातल्या एका खेड्याचा, सडसडीत, डोळ्यांत मिस्कीलपणा. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. मी अहमदपूरकडचा म्हटल्यावर चारचौघांत "हवालदार साब" म्हणणारा हा गडी एकटं गाठून म्हणाला, "मंग तर घरचेच की. मी मामा म्हणणार." मी म्हटलं, "म्हण. पण शाळा सुटली की." शाळेत मात्र मीच त्याला उस्ताद म्हणायचं, हे ठरलेलंच होतं.

सुरुंग शोधायच्या सळईला प्रॉडर म्हणतात. हातभर लांब, टोकदार, मुठीची. पोटावर झोपायचं. सळई मातीत तिरपी, अलगद पुढं सरकवायची. टणक लागलं की थांबायचं आणि बाजूची माती बोटांनी हलकेच दूर करून बघायचं. सळई उभी टोचली तर टोक सुरुंगाच्या डोक्यावर बसतं, तिरपी गेली तर कुशीला लागतं. ऐकायला पोरखेळ वाटतो.

माझी गोची वेगळीच झाली. मी वावरातला माणूस, चालायला लागल्यापासून खुरपलेलं. खुरपं मातीत घातलं की हात आपोआप स्वतःकडं येतो, गवत मुळासकट निघावं म्हणून. प्रॉडर मातीत गेला की माझा हात तेच करायचा. अलगद पुढं आणि सटकन मागं. मागं येताना टोक उचललं जायचं. शहरातल्या पोरांना ही अडचण नव्हती. त्यांच्या हाताला आधीचं काही ठाऊकच नव्हतं. मी ओढलं आणि सरावाच्या पट्टीत पुरलेला खोटा सुरुंग टक् करून वाजला.

"मामा, वारलात," जब्बार वरून म्हणाला. शाळा चालू असतानाही. "उठा. चहा प्या. परत या."

परत आलो, परत वारलो. तिसऱ्यांदा तो गुडघ्यावर बसला. "आं? हरभऱ्यातलं गवत काढायलात का?"

सगळी पट्टी हसली. मी सळई टाकली आणि म्हणालो, "मला न्हाई जमत. मी ड्रायव्हर हाय. जुन्या हाडाला नवं वळण लागत नसतंय."

संध्याकाळी लंगरवर जेवताना तो ताट घेऊन शेजारी बसला. म्हणाला, "मला बी हेच झालं व्हतं. अम्मीनं शिकवलेला हात हाय माझा. ती खुरपायला लागली की बाया मागं पडतात. त्या हाताचा राग करू नका, मामा. तो मोडायचा न्हाई. त्याच्या शेजारी दुसरा शिकायचा."

दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्यानं भरलेला मग आणून माझ्या कोपराच्या मागं, अगदी चिकटून ठेवला. हात ओढला की कोपर मगाला लागायचं आणि बर्फासारखं पाणी बाहीतून काखेपर्यंत जायचं. "मग हाय मागं, मामा," एवढंच तो म्हणायचा. मी शिव्या घालायचो. तो पुन्हा मग भरायचा.

बदल्यात त्यानं माझ्याकडं गाडी मागितली. म्हणजे शिकायला. "अम्मीला जीपमधी बसवून उदगीरच्या बाजाराला न्यायचंय. तिनं जल्मभर यष्टीचे धक्के खाल्ले." मग रविवारी मी उस्ताद आणि तो शागीर्द. वळणावर क्लच सोडताना त्याचा पाय लटलट कापायचा. खाली दरी. मी शेजारी बसून त्याचा सगळा सूड घ्यायचो. "जब्बार, वारलास. उतर. चहा पी." त्याला त्या कड्याचं भ्या, मला त्या मातीचं. पुढं घ्यायला तो शिकला. रिव्हर्स काही केल्या जमेना.

एक दिवस अख्खी पट्टी संपली आणि पाण्याचा मग जागच्या जागी भरलेला राहिला. मी वळून बघितलं तर पाण्यात आभाळ दिसत होतं. हवालदारीची फीत लागली तेव्हा झाला नाही एवढा आनंद मला त्या दिवशी झाला. चाळिशीत माणसाला नवा हात फुटला, दुसरं काय!

बर्फ वितळायला लागलं की सुरुंग जागा सोडतात. पाण्याबरोबर उतारावरून घसरतात आणि काल निर्धोक असलेल्या वाटेवर येऊन बसतात. नकाशाला ते माहीत नसतं. त्या दिवशी सकाळी जब्बारला पाणवठ्याची वाट तपासायची होती. मी गाडी घेऊन गेलो. सोबत वायरलेसवर कुलदीप, सिग्नलचा जवान. त्याला प्रॉडर धरायचा सराव नव्हता. जब्बार उतरला, वाकला, पुढं गेला. जाताना म्हणाला, "आल्यावर रिव्हर्स घेऊ, मामा."

मी बॉनेट उघडून तेल बघत होतो. धमाका झाला. वरून दगड आणि चिखल बॉनेटवर पडला. उतार थोडा खाली सरकला आणि वाटेवरची त्याच्या पावलांची खूण मातीखाली गेली.

मग त्याचा आवाज आला. "मामा! पाय गेला. पट्टा आवळलाय. टिकंल वाईच येळ."

कुलदीपनं सेट उचलला. "माइन ब्लास्ट. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

सुभेदार साहेबांचा आवाज. "वेट फॉर टीम. कोई आगे नहीं जाएगा. ओव्हर."

पोस्टवरून टीम पायी येणार. तासाच्या वर लागणार. एवढ्या वेळात तो रक्तानंच रिकामा झाला असता, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मी कुलदीपच्या हातातून सेट घेतला.

"साब, हवालदार व्यंकट. टीम आने तक वो नहीं बचेगा. मैंने कॅडर किया है. ओव्हर."

सेट खरखरला. मग, "कर पाएगा? ओव्हर."

"डर लग रहा है, साब. कर लूँगा. ओव्हर."

"आराम से जा. आउट."

गाडीतला जादा प्रॉडर आणि वाटेची खूण करायची पांढरी पट्टी घेतली आणि पोटावर झोपलो. आता खरं सांगतो. मला मुतायला झालं आणि मी झोपल्या जागी मुतलो. दात वाजत होते म्हणून दातांत रुमाल धरला. घरची आठवण येते म्हणतात, मला कुणाची आली नाही. डोळ्यासमोर फक्त टीचभर माती होती आणि तिच्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. तिरपं, अलगद पुढं. बाहेर काढायची तीही आली तशीच, हळू. मग चार बोटं सोडून पुन्हा. मागं पांढरी पट्टी अंथरत जायची. एकदा टणक लागलं, दगड निघाला. दुसऱ्यांदाही दगड.

जब्बार अधूनमधून बोलत होता. आवाज पातळ होत चालला होता. "कुठवर आलात?"

"आलो. बोलत राहा तू."

तिसऱ्यांदा टणक लागलं ते दगडाचं नव्हतं. बोटांनी माती बाजूला केली. हिरवट प्लास्टिकची गोल कड दिसली. प्रॉडरचं टोक तिला टेकलेलं होतं. आणि माझा हात मागं यायला निघाला. मी नाही, हात. खांद्यापासून सगळाच निघाला, वावरातला, सटकन ओढणारा.

"मामा," पलीकडून आवाज आला. "मग हाय मागं."

त्याला मी दिसत नव्हतो, तो उताराच्या आड होता. माझी सळई थांबली एवढंच त्यानं ऐकलं असणार. हात जागेवर थांबला. टोक अलगद, आलं त्याच तिरप्या वाटेनं बाहेर काढलं. शेजारी खूण रोवली, वळसा घेतला आणि पुढं सरकलो.

पोचलो तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. पट्टा आणखी आवळला. त्याच्या काखेत हात घातले. पांढऱ्या पट्टीवरून मागं न्यायचं होतं. माझे हात ओढायला धजत नव्हते. तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, "आता वढा, मामा. आता चालतंय."

मी त्याला ओढत आणला. कुलदीपनं आणि मी गाडीत घातला. जिथं हेलिकॉप्टर उतरतं तिथवर गाडी उलटी न्यावी लागली, वळवायला जागाच नव्हती. तो मागं पडल्या पडल्या म्हणाला, "बघून घेतो. आसं घ्यायचं रिव्हर्स." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

हॉस्पिटलमध्ये रात्र काढून पहाटे गेला. रक्त फार गेलं होतं. पण आदल्या संध्याकाळी शुद्धीवर आला आणि फोनवर अम्मीशी बोलला. काय बोलला ते तिलाच ठाऊक. माझ्या त्या सगळ्या शिकण्यानं जगात काय साधलं म्हणाल, तर तेवढं साधलं. आईला लेकाचा आवाज ऐकू आला. मला ते कमी वाटत नाही.

पेन्शनीत गावी आलो. ठिबकच्या नळ्या जोडायला शिकलो, मोबाइलवर पावसाचा अंदाज बघायला शिकलो, सुनेकडून भाकरी थापायलाही शिकलो, जरा जाड होते. पण खुरपं धरता येईना. मातीत घालायचो आणि हात तिथंच थिजायचा. ओढवत नसे. बायको म्हणायची, "फौजेनं माणूस बिघडवून धाडलाय. खुरपायचं बी इसरलं." मी कंबर दुखते म्हणून बांधावर जाऊन बसायचो. अतिरेक्याचं भ्या वाटतं म्हटलं तर माणसं मान देतात. हरभऱ्याचं भ्या वाटतं, हे कुणाला सांगायचं?

वर्षातून एकदा देवणीकडं जातो. जब्बारची कबर त्यांच्या वावराच्या बांधाला आहे, बापाच्या शेजारी. अम्मी आता वाकली आहे, पण हाताला अजून दम आहे. गेल्या खेपेला गेलो तर कबरीवर गवत माजलं होतं. तिनं माझ्या हातात खुरपं दिलं. "माझ्यानं आता बसवत न्हाई, बाबा. तू काढ." स्वतः तांब्या घेऊन माझ्यामागं येऊन टेकली.

मी बसलो. खुरपं मातीला लावलं आणि हात थिजला. मग मी काय करत होतो ते मलाच उशिरा कळलं. खुरप्याचं टोक तिरपं धरून मी कबरीच्या कडेची माती चार चार बोटांवर टोचत चाललो होतो.

"काय करायलास?" अम्मीनं विचारलं.

"जब्बारनं शिकवलंय तसं."

"गवत आसं निघतंय व्हय?"

"अम्मी, मला भ्या वाटतं. मातीचं."

ती हसली नाही. तांब्या खाली ठेवून गुडघ्यावर सरकली आणि तिचा सुरकुतलेला हात माझ्या मुठीवर ठेवला. "त्याला बी मीच शिकवलं व्हतं. हितंच, ह्याच वावरात. घाल आत. घातलंस? आता वड. तुझ्याकडं वड."

मी डोळे मिटले. दोघांच्या हातांनी ओढलं. गवत मुळासकट कचकन निघालं. माझं कोपर मागं गेलं, कशाला तरी लागलं आणि पाणी सांडल्याचा आवाज आला.

तांब्या. तिनं माझ्या कोपरामागंच ठेवला होता. पाणी वाहत कबरीच्या मातीत मुरत होतं. मी हललो नाही. मामा, वारलात, उठा, चहा प्या, परत या. मी तसाच वाट बघत राहिलो. कुणी काही बोललं नाही. वाऱ्यानं तूर तेवढी हलत होती.

"सांडू दे रे," अम्मी म्हणाली. "त्याच्यासाठीच आणलेलं व्हतं."