वाटी झालेली तबकडी

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी मी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये गाण्यांच्या जुन्या तबकड्या धूत होते. दुपारी आपल्या तबकडीवेड्यांच्या कट्ट्याची बैठक होती, आणि मागच्या वेळी माझ्या तबकडीची चुरचुर ऐकून कुणीतरी म्हणालं होतं, "वैजयंतीताईंनी आज फोडणी आणलीय." म्हणून कोमट पाणी, बाळांचा शाम्पू, मऊ ब्रश, आणि लेबल भिजू नये म्हणून मधोमध प्लास्टिकचं झाकण.

मागे डायनिंग टेबलावर अण्णा ठोकत होते. टक्... मग शांतता... मग पुन्हा टक्.

या सदरात आपण सगळे काय सापडलं आणि काय ऐकावं एवढंच लिहितो. मीही तेच लिहीत आले. आज लिहितेय ते त्यात बसेल की नाही माहीत नाही. आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. काचेवर दिसेल ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही. कुणी अमावस्या, दृष्ट वगैरे सुरू केलं की मी चहा टाकायला उठते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. गेली दोन वर्षं ते कोथरूडला माझ्याकडेच आहेत. स्मृती जातेय, हे आम्ही स्वीकारलं होतं. पण दिवाळीनंतर नवीनच सुरू झालं. दिवे लावायची वेळ झाली की उठायचे, दाराशी जायचे, कडी खडखडवायचे. "चला, घरी जायचंय." घरीच आहोत म्हटलं की माझ्याकडे बघून, "बाई, तुम्ही कोण?" आणि ठोकणं. मधलं बोट वाकवून, पेराने. टेबलावर, फ्रिजवर, दारावर, एकदा माझ्या ताटावर. त्याला ताल नव्हता. एकदा टक् करायचे, मान तिरकी करून ऐकायचे, हवं ते ऐकू आलं नाही की कपाळाला आठ्या... पुन्हा टक्. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वास्तू दाखवून घ्या म्हणून सुचवलं. मी म्हटलं, आधी तुमच्या मुलाचा सबवूफर दाखवून घ्या.

जिना उतरून ते दोनदा रस्त्यापर्यंत गेले होते. मी दाराला खाट लावून झोपत होते. शेवटी एक केअर होम बघून आले. स्वच्छ होतं, माणसं बरी होती. सोमवारी सकाळी कागद करायला जायचं ठरलं होतं. म्हणजे ही बैठक झाली की दुसऱ्या दिवशी.

बैठक कर्वेनगरला मिलिंदच्या फ्लॅटवर होती. नवीन वाचकांसाठी सांगते, आमचा नियम साधा आहे. प्रत्येकाने एक तबकडी लावायची, एक सुचवायची, आणि दुसऱ्याची वाजत असताना तोंड बंद ठेवायचं. मिलिंद आयटीतला. पगार कुठे जातो ते त्याच्या हॉलमध्ये दिसतं.

"बुधवार पेठेत मिळाली," त्याने एक छोटी, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी काढली. "जुने अॅम्प्लिफायर विकणाऱ्याकडे, वायरींच्या ढिगाखाली. कव्हर नाही. भावगीत आहे. बाईंचं नाव मी तरी कधी ऐकलेलं नाही."

सुई टेकली. व्हायोलिन, मग तबला, मग त्या बाईंचा किंचित नाकातला आवाज. पहिल्याच ओळीला माझ्या पाठीत काहीतरी सरळ झालं. हे गाणं मला पाठ होतं. चाळीसेक वर्षांत ऐकलं नव्हतं, तरी पाठ.

दुसऱ्या कडव्यात ती अडकली. "अंगणी... अंगणी... अंगणी..."

"गेली," कुणीतरी म्हणालं. मिलिंद उठला. तो पोहोचायच्या आत माझा हात पुढे गेला आणि मधल्या बोटाच्या पेराने मी टर्नटेबलच्या फळीवर ठोकलं. टक्. सुई पुढे सरकली, गाणं चालू झालं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"ताई, जर्मन मोटर आहे ती," मिलिंद म्हणाला. "दार नाहीये."

माझं लक्ष माझ्या बोटाकडे होतं. हे ठोकणं अण्णांचं होतं. लहानपणी आमच्या घरी ही तबकडी होती, 'अंगणी'वर अडकायची, आणि अण्णा आरामखुर्चीतून हात लांब करून प्लेअरच्या खोक्यावर बरोब्बर त्या जागी एकदा ठोकायचे. आम्हाला वाटायचं गाण्यातच तसं आहे. महिनोन्महिने ते माझ्या घरात ठोकत होते आणि मला कळलं नव्हतं.

एवढ्यात अतर्क्य काही नाही. एकाच गाण्याच्या दोन प्रती एकाच जागी अडकू शकतात. साच्यातच दोष असेल, असं मी स्वतःला सांगितलंसुद्धा. मग गाणं संपलं, तबकडी थांबली, आणि मला लेबल दिसलं.

लेबलवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

तो मी दिला होता. सहा-सात वर्षांची असताना, आईची बाटली घेऊन — कोणती बाजू अडकते ते कळावं म्हणून. वाळायच्या आत बोट लावलं म्हणून ठिपक्यात माझ्या बोटाचा ठसा उमटला होता. त्या बोटावर तेव्हा विळीने कापल्याची ताजी खूण होती, तिरकी. ती आजही आहे. मिलिंद सुईची टोकं तपासायला भिंग ठेवतो, ते मागून घेतलं. ठशात तिरकी रेघ होती. पॉलिशमध्ये ब्रशचा एक केस अडकलेला, आकड्यासारखा वळलेला.

"मग तुमचीच असेल की," मिलिंद म्हणाला. "कधीतरी रद्दीत गेली असेल, फिरत फिरत परत आली. भारी गोष्ट आहे! पुढच्या अंकात लिहा."

"रद्दीत गेली नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात आहे. चपलांच्या कपाटावर. मी त्यात किल्ल्या ठेवते."

प्लेअर कायमचा बंद पडला आणि घरात कॅसेट आल्या, तेव्हा आईने महिला मंडळात शिकून ही तबकडी उकळत्या पाण्यात मऊ केली आणि भांड्यावर दाबून तिची वाटी केली. कडा झालरीसारख्या. तेव्हा घरोघरी अशा वाट्या होत्या. अण्णा त्यावर आठवडाभर आईशी बोलले नव्हते. आई गेल्यावर वाटी माझ्याकडे आली. लेबल तळाशी जसंच्या तसं आहे, ठिपक्यासकट.

हसले सगळे. एक जण म्हणाला, "दोन प्रती असतील हो."

"प्रत गाण्याची असते," मी म्हटलं. "माझ्या बोटाची नसते. मिलिंद, ही मला आज दे."

"ताई, या महिन्याची माझी फाइंड आहे..."

"उद्या परत देते. अण्णांना एकदा ऐकवायचीय."

त्याने दिली. भिंगही दिलं.

स्कूटरवरून घरी येताना मी पिशवी गळ्यात अडकवून पोटाशी घेतली होती आणि प्रत्येक सिग्नलला आत हात घालून बघत होते. घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. सवयीने किल्ली वाटीत टाकली, आणि तिथेच उभी राहिले.

मग किल्ल्या ओतून वाटी टेबलावर आणली. शेजारी तबकडी ठेवली. भिंग. वाटीच्या तळाशी ठिपका, ठसा, तिरकी रेघ, आकड्यासारखा केस. तबकडीवर ठिपका, ठसा, तिरकी रेघ, आकड्यासारखा केस. मी पाच-सहा वेळा इकडून तिकडे बघितलं. रोज हेच काम करते मी, दोन नमुने सारखे आहेत की नाहीत. माझे डोळे फसतायत का, म्हणून मंगलला बोलावलं. ती लोणी काळभोरची, दिवसा अण्णांजवळ असते. तिला काही न सांगता भिंग दिलं.

तिने बराच वेळ बघितलं. "ताई, ह्ये तर एकच हाय की."

"दोन आहेत, मंगल. समोर दोन दिसतायत ना?"

"दिसत्यात दोन. पन हाय एकच." भिंग ठेवून तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मी निघू का? आज लवकर जायाचं व्हतं." तिने असं आधी काही सांगितलं नव्हतं.

अण्णा दाराशी गेले होते. कडी खडखडत होती. "चला, घरी जायचंय. उशीर झालाय."

मी तबकडी लावली.

व्हायोलिन सुरू झालं आणि कडी थांबली. ते वळले. भिंतीला धरत आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. प्लेअर समोरच्या भिंतीला, मधे अख्खी खोली. दुसरं कडवं आलं. 'अंगणी'च्या किंचित आधी अण्णांनी मधलं बोट वाकवून खुर्चीच्या हातावर ठोकलं. टक्. एकदाच.

तबकडी अडकली नाही.

गाणं पूर्ण वाजलं. अण्णांच्या कपाळावर आठी नव्हती. सुई उचलल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट, जसं पूर्वी बघायचे.

"वैजू, कुणाकडे दिली होतीस ही?"

"मिलिंदकडे," मी म्हटलं.

"परत मागून आणलीस ते बरं केलंस. लोक नेतात आणि विसरतात." मग थोड्या वेळाने, "उलटी कर. दुसरी बाजू लाव."

दुसरी बाजू ऐकून ते जेवायला बसले. ते जेवत असताना मी पहिली बाजू पुन्हा लावली. मला बघायचंच होतं. 'अंगणी'वर अडकली. खुर्चीच्या हातावर मी ठोकलं, जोरात ठोकलं. काही झालं नाही. शेवटी प्लेअरजवळ जाऊन ठोकलं तेव्हा सरकली. मागून अण्णा शांतपणे म्हणाले, "उशीर केलास."

त्या दिवशी ते दाराकडे पुन्हा गेले नाहीत. मी मात्र घरभर फिरत होते. वाटी कपाटात ठेवली, परत काढली, धुतली, पुसली. वजन करून बघितलं. नखाने वाटीच्या चऱ्या मोजायचा प्रयत्न केला, म्हणजे आता विचार करते तर कशासाठी, तेही सांगता येणार नाही.

मिलिंदला तबकडी परत दिली नाही. आपल्यात विकायची पद्धत नाही, अदलाबदल चालते, म्हणून तो तीन वर्षं माझ्याकडे मागत होता ती सरोदवादनाची तबकडी त्याला दिली. तो म्हणाला, "ताई, तोट्यात आहात." असेन. अण्णा अजून विसरतात, अजून मला कधी कधी बाई म्हणतात, पण तिन्हीसांजेला एकदा ठोकतात आणि बसतात. ठशाचे फोटो मी दोन ओळखीच्या डॉक्टरांना दाखवले. एकाने विचारलं, एकाच वस्तूचे दोन फोटो का पाठवलेस? ते एक वाटी आणि एक तबकडी आहे, हे मी त्याला समजावत बसले नाही. मला स्वतःलाच ते समजलेलं नाही. कुणाकडे सरळ उत्तर असेल तर खाली लिहा. वास्तू वगैरे नको.

आणि सोमवारच्या सकाळचं सांगायचं राहिलं. केअर होममध्ये फोन करून सांगितलं की आज येत नाही, सध्या तरी नाही. त्या बाई चांगल्या होत्या, "जागा ठेवते," म्हणाल्या. मग हार्डवेअरचं दुकान उघडल्यावर किल्ल्या अडकवायचा हूक आणला, कारण त्या वाटीत किल्ल्या टाकायला माझा हात होईना. दाराजवळच्या भिंतीत खिळा ठोकायला घेतला. दोन घाव घातले असतील, तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला.

"वैजू, बघ गं, कोण ठोकतंय?"

"मीच, अण्णा," मी म्हटलं, आणि तिसरा घाव घातला.