निघणाऱ्याला ‘कुठं चालला’ विचारू नये म्हणतात

त्या सकाळी मी अंगणात सडा टाकत होते, चुलीवर भात शिजत होता. हे बॅग घेऊन निघाले. निघणाऱ्याला ‘कुठं चालला’ विचारू नये, म्हणून मी विचारलं नाही. हे पर्यटक व्हिसावर आखातात कामाला गेले आणि तिथंच वारले. पासपोर्ट एजंटच्या ताब्यात होता, त्यामुळे आजारी पडल्यावर परतताही आलं नाही.

काल लाखनीहून पुतण्या आखातात निघण्याआधी आईसोबत पाया पडायला आला. मी त्याचा व्हिसा वाचला. तोही पर्यटकाचाच.

“यावर काम करता येत नाही, बाबू. विमानतळावर विचारलं तर?”

“फिराले आलो म्हणायचं, काकू. पासपोर्ट एजंट सांभाळीन.”

“तुह्या काकाचाही असाच एकानं सांभाळला होता.”

जाऊबाई चिडल्या. “निघताना कायले अपशकुन करून राहिल्या, बाई?”

तुमच्या घरचं कुणी परदेशी निघालं, तर व्हिसा कामाचा आहे का, पासपोर्ट कुणाजवळ राहणार, एवढं तरी विचारता ना?

आज पहाटे मी लाखनीला गेले. त्यांच्या दारात गाडी उभी होती, सगळे निरोप द्यायला जमले होते. मी गाडीसमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “बाबू, कुठी चालला?”