शालीखालचा हात

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. त्यामुळे स्टुटगार्टच्या हॉस्पिटलात केमोआधी दिलेली माहिती मी स्वतः, शब्द न शब्द वाचली होती. हे औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस सडू शकतं. जळजळलं, सुजलं, तर लगेच सांगा. सिस्टरनेही तेच बजावलं. कळलं होतं सगळं. तरी त्या दिवशी मी अशी का वागले, ते अजून मला नीट उलगडत नाही.

ऑपरेशन डाव्या स्तनाचं, म्हणून सुई उजव्या हाताला. जपाची माळही त्याच हातात. जपताना माळ कुणाला दिसू नये, ही आईची शिकवण. म्हणून सिस्टरची पाठ वळताच मी हातावर शाल ओढली. लाल औषध सुरू झालं आणि थोड्या वेळाने हात पेटला. वाटलं, दत्तगुरू परीक्षा बघतायत, सोसावं. मग वाटलं, की औषधच असं असतं? विचारावं, तर जप मोडणार.

शेजारच्या खुर्चीवर सलाइन लावलेल्या एक जर्मन आजी होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहून विचारलं, "ब्रेंट एस?" जळतंय का? मी नुसती मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात माळ बोटांतून सुटून खाली पडली. ती उचलायला आजी वाकल्या आणि शालीखालचा सुजलेला हात त्यांना दिसला. त्यांनी बेल दाबली ती सिस्टर येईपर्यंत सोडलीच नाही. औषध थांबवलं, सुईतूनच निघेल तेवढं ओढून घेतलं, मग थंड पट्ट्या. हात वाचला.

संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "दत्तगुरूंशी तासन्‌तास बोलतेस, सिस्टरशी एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

बोटं सुजली म्हणून माळ सुटली, एवढं विज्ञान मला कळतं. पण जिच्यासाठी हात झाकला, तिनेच तो उघडा पाडावा? हे कुणी केलं, माळेने, आजींनी की दत्तगुरूंनी? ठरवता येत नाही. एवढंच वाटतं, सगळं त्यांच्यावर सोपवलं म्हणत होते, आणि दुखणं मात्र मुठीत धरून बसले होते.

पुढच्या खेपेला माळ पर्समध्येच ठेवली, हात उघडा उशीवर. नाम मनात. जरा चुरचुरलं, तशी सिस्टरला हाक मारली. तिने वाकून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाली, मी आभार मानले.

जप मोडला नव्हता.