ए अंबरनाथचा, बी बदलापूरचा

गायकवाड मॅडम फोनवर कधी 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, "वाच."

मी उल्हासनगरला, कॅम्प एकच्या ऑफिसात. त्या अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात. कुठलं रसायन किती घालायचं, किती तापवायचं, ही त्या दिवसाची फाईल माझ्या कॉम्प्युटरवरून त्यांच्या कॉम्प्युटरवर जायची. त्याआधी माझ्या स्क्रीनवर त्यांच्या मशीनची ओळखखूण उमटायची, आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ, आणि खाली प्रश्न: हेच का ते? मी ओळ वाचायची, मॅडम खरी ओळ लिहून ठेवलेल्या त्यांच्या वहीशी ताडून बघायच्या. "ए अंबरनाथचा, बी बदलापूरचा, सी कॅम्पचा," असं मला पढवलं होतं. मला भयंकर वैताग यायचा. एकदा म्हटलं, तुम्हीच वाचा, मी हो म्हणते.

"म्हणूनच तू वाचायचं," त्या म्हणाल्या. "मी वाचलं तर तू झोपेतही हो म्हणशील. ओळ जुळली नाही, तर मधे तिसराच कोणी बसून भलती फाईल पाठवू शकतो. तिथे टाकीपाशी तुझा भाऊ उभा असतो, बाई."

खरंच होतं. सुनील त्याच शेडमध्ये कामाला होता.

एका सकाळी ओळ जुळेना. मॅडमनी शेड रिकामी करवली, अर्धा दिवस काम बंद. मग कळलं, मालकाच्या पुतण्याने कोणाला न सांगता कॉम्प्युटर बदलला होता. मालक सगळ्यांदेखत ओरडले, काही झालं होतं का? "काही झालं नव्हतं हे आत्ता कळलं, साहेब," मॅडम म्हणाल्या. "सकाळी मला माहीत नव्हतं." महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. वही त्या नव्या सुपरवायझरला देऊन गेल्या. त्याने ती उघडलीसुद्धा नाही, असं सुनील सांगायचा.

काही दिवसांनी स्क्रीनवर सूचना आली: समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे. सुपरवायझरला फोन करून म्हटलं, मी वाचते, ताडून बघा.

"कशाला यार? तुझी फाईल आली की मघाशीच. लावली पण."

मी अजून काहीच पाठवलं नव्हतं.

तसं सांगितलं तर तो हसला आणि फोन ठेवून दिला. सुनीलचा मोबाईल गेटवर जमा. मी बदलापूरला मॅडमच्या घरी फोन लावला. "वाच," त्या सवयीने म्हणाल्या. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी थेट गेटच्या वॉचमनला फोन केला. तो अजून त्यांचंच ऐकायचा. त्याने भोंगा वाजवला, माणसं धावत बाहेर आली, आणि मागे शेडचे पत्रे उडाले.

सुनील वाचला. ती फाईल कोणी पाठवली, ते अजून कळलेलं नाही. मॅडम मागच्या वर्षी गेल्या. मी आता दुसरीकडे काम करते, पण 'हेच का ते?' हा प्रश्न तिथेही रोज येतो. फोनवर 'वाच' म्हणणारं कोणी नाही, म्हणून मी एकटीच मोठ्याने वाचते.